वरकसाच्या वाटेवरील मोटारसायकल : नवशिक्यांस कांहीं सूचना

पनवेल तालुक्यांत डांबरी सडक जेथें संपते, तेथून पुढें पुष्कळ शेतकऱ्यांची खरी वाट सुरू होते. नेरे, वाजे, मालडुंगे ह्या गांवांवरून माथेरानच्या पायथ्याशीं असलेल्या धोदाणीकडे निघालें असतां सडक बरी लागते. परंतु सडकेपासून वाडीपर्यंतचा आणि वाडीपासून वरकस जमिनीपर्यंतचा शेवटचा अर्धा-एक मैल अजूनहि अनेक ठिकाणीं दगड, मुरूम, चिखल आणि ओढे ह्यांचाच आहे. ह्या मैलावर पूर्वीं बैल चालत असे, खांद्यावर कावड असे, डोक्यावर पाटी असे. हल्लीं तेथें मोटारसायकल चालते. दुधाचे कॅन, खताचें पोतें, फवारणीचा पंप, आजारी माणूस, परीक्षेस निघालेली मुलगी, सर्व कांहीं त्या दोन चाकांवरून जातें.

बैल कसा पारखावा, त्याच्या खुरांची व खांद्याची निगा कशी ठेवावी, ह्याविषयीं शेतकऱ्याच्या घरांत बाप मुलास सांगत आला आहे. मोटारसायकल अवघड वाटेवर कशी हांकावी हें मात्र आमच्या मुलांस कोणीच शिकवीत नाहीं. परवान्याच्या दिवशीं सपाट मैदानावर आठाचा आंकडा काढून दाखविला कीं शिक्षण संपलें. म्हणून हा विषय मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें. प्रस्तुत लेखकानें यंत्रविद्येचा अभ्यास केलेला नाहीं. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली, आणि पीक-नुकसानीचे पंचनामे, बांधांचे तंटे, फेरफारांच्या चौकश्या ह्यांच्या निमित्तानें तालुक्याच्या वाटा तीस वर्षें मोटारसायकलवरून तुडविल्या, एवढाच त्याचा अधिकार.

अधिकार सांगितला तसा अपराधहि सांगितला पाहिजे. माझा पुतण्या वाडीवरून रोज पहाटे दूध घेऊन खालीं उतरतो. त्यानें गाडी घेतली त्या दिवशीं मींच त्याला सांगितलें होतें, “घसरते असें वाटलें कीं पाय काढ. पाय टेकला कीं माणूस पडत नाहीं.” मलाहि माझ्या तरुणपणीं कोणीं तरी असेंच सांगितलें होतें, आणि तीस वर्षांत त्याचा मीं कधीं विचार केला नव्हता. दोन वर्षांपूर्वींच्या आषाढांत एका उतारावर ओल्या कातळावरून त्याचें मागचें चाक सरकलें. पोरानें ऐकलेलें तंतोतंत पाळलें. डावा पाय पुढें काढला. तो दगडाच्या खोबणींत अडकला. गाडी आणि तीस लिटर दूध पुढें गेलें, व पाय तेथेंच राहिला. नडगीचें हाड मोडलें, सळई घालावी लागली. त्या सालीं लावणी मजुरांकडून करून घ्यावी लागली, दुधाचा रतीब तुटला, आणि दिवाळीपूर्वीं दोन म्हशी विकाव्या लागल्या. इस्पितळांत मला पाहून तो म्हणाला, “काका, पाय काढला होता मी.” ह्या बोलण्यांत मला दोष देण्याचा हेतु मुळींच नव्हता, आणि म्हणूनच तें माझ्या मनांतून जात नाहीं.

पुढें गाडी दुरुस्त करून घेण्यासाठीं पनवेलच्या एका मिस्त्र्याकडे गेलों असतां त्यानें सर्व हकीकत ऐकली व म्हणाला, “तात्या, चालत्या गाडीवरून पाय काढला कीं तो पाय राहत नाहीं, खुंटा होतो. गाडी खुंट्याभोंवतीं फिरणारच.” मग त्यानें आपल्या मोबाईलवर मला एक खेळ दाखविला. घराएवढ्या शिळेवरून एक स्वार मोटारसायकल चढवीत होता, आणि नवल म्हणजे गाडीला बसावयाची बैठक जवळजवळ नव्हतीच.

ह्या खेळास ‘ट्रायल’ म्हणतात. ती शर्यत नव्हे. ओढा, कातळ, चढ, चिखल अशा जागीं हद्दी आंखून टप्पे करतात व प्रत्येक टप्प्यावर एक पंच उभा राहतो. पाय जमिनीस न लावतां टप्पा पार केला तर दंड शून्य. एकदां पाय टेकला तर एक गुण, दोनदां टेकला तर दोन, तीनदां किंवा त्याहून कितीहि अधिक वेळां टेकला तरी तीन. आणि स्वार पडला किंवा हद्दीबाहेर गेला तर पांच. ज्याच्या नांवावर दंड कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची अशी परीक्षा १९०९ सालीं सुरू झाली. १९१४ सालीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत अल्फ्रेड स्कॉट नांवाच्या मोटारसायकलच्या कारखानदारानें आपल्याच कामगारांस डोंगराळ मुलखांतून गाड्या नेऊन दाखविण्याचें आव्हान दिलें, व त्याच्या नांवाची चांचणी त्यांतून निघाली. पुढें सॅमी मिलर ह्या उत्तर आयर्लंडच्या स्वारानें स्पेनमधील बुल्टाको कारखान्यास हलकी गाडी तयार करण्यास साह्य केलें, आणि १९६५ सालीं तिजवर स्कॉटलंडची परीक्षा जिंकली. तेव्हांपासून जड इंग्रजी गाड्या ह्या खेळांत मागें पडल्या. १९७५ पासून ह्याची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा आहे, आणि स्पेनचा टोनी बोऊ हा २००७ पासून २०२४ पर्यंत दरसाल तींत पहिला आला. आमच्या इकडे पुणें-नाशिककडे मातीच्या धांवपट्टीवर उड्यांच्या शर्यती होतात. नवी मुंबईच्या परिसरांत पावसाळ्यांत स्कूटरींची स्पर्धाहि अनेक वर्षें होत आली. पण तेथें घड्याळ पाहतात, पाय मोजीत नाहींत.

मला वाटतें, शेतकऱ्याच्या कामाची विद्या पाय मोजणाऱ्या खेळांत आहे. अर्थात् आम्हांस शिळांवर उड्या मारावयाच्या नाहींत. ट्रायलची गाडी सुमारें ७० किलो वजनाची असते. आमची १०० सी.सी.ची साधी गाडी ११० किलोच्या आसपास, आणि तिजवर दूध. आम्हांस घ्यावयाचें तें एवढेंच, कीं दोन्ही पाय पायदानावर ठेवून अवघड जागेंतून माणसाच्या चालीनें जाणें. हें वेगानें जाण्याहून पुष्कळ कठीण आहे.

प्रथम उभें राहण्यास शिकावें. खडबडीत जागीं बैठकीवर बसलेला माणूस म्हणजे गाडीला बांधलेलें पोतें. गाडी कलली कीं तोहि तिजबरोबर कलतो. तोच पायदानावर उभा राहिला म्हणजे त्याचा भार खालीं, पायदानावर येतो, आणि गाडी त्याच्या खालीं डावी-उजवी मोकळेपणानें डुलूं शकते. चिखलणीच्या वेळीं फळीवर उभा राहून बैल हांकणारा गडी पाहा. तो गुडघे ताठ ठेवीत नाहीं, कासऱ्याला लोंबकळत नाहीं, आणि फळी खालीं कितीहि उसळली तरी त्याचें डोकें एका पातळींत चालतें. गाडीवर अगदीं तसेंच. पायाचा चवडा पायदानावर, गुडघे किंचित् वांकलेले व टांकीस लागून, कोपर बाहेर, कंबर मागें, डोकें हँडलाच्या वर. हातांनीं हँडल धरावयाचें, त्याच्यावर रेलावयाचें नाहीं. आपण बरोबर उभे आहों कीं नाहीं हें पाहण्याची सोपी खूण अशी, कीं सपाट जागीं चालतांना क्षणभर दोन्ही मुठी सैल केल्या तरी शरीर पुढें-मागें झुकतां कामा नये. आमच्या साध्या गाड्यांचें हँडल उभ्या माणसास खालीं पडतें. मिस्त्र्याकडून तें थोडें वर फिरवून घ्यावें. त्याला पैसे पडत नाहींत.

दुसरी गोष्ट नजरेची. नवशिका पुढच्या चाकाखालचा दगड पाहतो, आणि नेमका त्याच दगडावर जातो. नजर गाडीच्या तीन-चार लांबीइतकी पुढें असावी. ट्रायलचे मोठमोठे स्वारहि टप्प्यावर गाडी घालण्यापूर्वीं तो पायीं चालून पाहतात, हें कळल्यावर मला मोठें समाधान वाटलें. स्थळपाहणी केल्यावांचून पंचनामा लिहूं नये, असें आम्हांस नोकरीच्या पहिल्याच वर्षीं शिकविलें होतें. पावसाळ्यांत रोजची वाटहि रोज बदलते. रात्रीं मोठा पाऊस झाला असेल तर अवघड ठिकाणीं सकाळीं उतरून एकदां चालून यावें.

आतां हातांविषयीं. हळू जाण्याची सर्व किल्ली डाव्या हाताच्या दोन बोटांत आहे. पहिला गिअर, उजव्या मुठीनें थोडी पण एकसारखी रेस, आणि क्लच अर्धा दाबून तो कमी-जास्त करीत वेग सांभाळावा. मूठ पिळून व सोडून वेग सांभाळूं लागलें कीं गाडी हिसके खाते, आणि हिसका बसला कीं पाय जमिनीकडे धांवतो. फारच हळू जावयाचें असेल तेव्हां मागचा ब्रेक किंचित् दाबून ठेवावा. इंजिन ओढतें आहे आणि ब्रेक धरतो आहे, ह्या ओढाताणींत गाडी ताठ उभी राहते. अडचणीच्या जागेंतून बाहेर पडतांच क्लच पूर्ण सोडावा. तो बराच वेळ अर्धा दाबलेला राहिला तर तापतो, जळका वास येतो. असा वास आला कीं थांबून पांच-दहा मिनिटें विसांवा द्यावा. माणसासहि तो लाभतो.

हळू वळतांना बहुतेक लोक सडकेवरील संवयीनें गाडीबरोबर आपणहि आंत झुकतात. कमी वेगांत ह्याच्या उलट करावें. गाडी वळणाकडे कलवावी, पण शरीर बाहेरच्या बाजूस ठेवावें आणि बाहेरच्या पायदानावर भार द्यावा. कावडीची एक बाजू जड झाली तर माणूस दुसरीकडे झुकतो, तसेंच हें आहे.

खाचराचा बांध ओलांडतांना तो तिरका घेऊं नये. तिरका घेतला तर पुढचें चाक बांधावरून कडेनें सरकत जातें. समोरासमोर जावें, चाक बांधास लागण्याच्या आधीं क्षणभर मूठ थोडी पिळून पुढचें चाक हलकें करावें, तें वर चढतांच मूठ सोडावी, आणि मागचें चाक येतांना गुडघे वांकवून तें वर येऊं द्यावें. येथें एक सांगून ठेवतों, कीं हा बांध आपला असावा. शेजाऱ्याचा बांध रोज चाकाखालीं घालून वाट पाडण्याच्या एका बाबतींत मीं जेवढें दप्तर लिहिलें, तेवढें पुरांच्या नुकसानींतहि लिहिलें नसेल.

चढावर शरीर पुढें न्यावें व खालींच योग्य गिअर घ्यावा. मध्यें गिअर बदलण्यास थांबलें कीं गाडी बंद पडते. बंद पडलीच तर नवशिका पुढचा ब्रेक आवळतो आणि तरीहि गाडी मागें घसरते, ह्याचें त्याला आश्चर्य वाटतें. चढावर सर्व भार मागच्या चाकावर असतो व पुढचें चाक नांवापुरतें टेकलेलें असतें, म्हणून असें होतें. गाडी गिअरमध्येंच ठेवून क्लच सोडून द्यावा, म्हणजे बंद पडलेलें इंजिनच मागचें चाक धरून ठेवील. मग डोंगराच्या बाजूस पाय टेकून त्याच बाजूनें उतरावें. दरीच्या बाजूनें उतरूं नये, कारण गाडी आडवी झाली तर ती आपल्या अंगावर येते. पुढचा ब्रेक धरून क्लच थोडा थोडा दाबीत हातभर हातभर गाडी मागें सोडतां येते. हें बंद इंजिनानें एकदां घराजवळच्या लहान चढावर करून पाहावें. खऱ्या वेळीं विचार करण्यास सवड मिळत नाहीं.

उतारावर क्लच दाबून किंवा गाडी मोकळ्या गिअरमध्यें टाकून जाणें हा आमच्याकडील सर्वांत घातक रिवाज. पेट्रोल वांचतें म्हणतात. किती वांचतें तें मीं कधीं मोजलें नाहीं. दोन म्हशींची किंमत मात्र मला पाठ आहे. उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, कंबर मागें, मागच्या ब्रेकवर बेताचा दाब, आणि पुढचा ब्रेक एका बोटानें जपून. पुढचें चाक आंवळलें जाऊन घसरूं लागलें तर ब्रेक त्याच क्षणीं सोडावा.

आतां ज्या जागीं माझ्या पुतण्याचा पाय मोडला, तिच्याविषयीं. आषाढ-श्रावणांत आपल्या काळ्या कातळावर जें शेवाळ धरतें, तें साबणापेक्षां निसरडें असतें. त्यावर चाकास काडीइतकाहि जोर सहन होत नाहीं; म्हणून तेथें ब्रेक नाहीं, वळण नाहीं आणि मूठ पिळणेंहि नाहीं. हीं सर्व कामें कातळाच्या अलीकडे उरकून, गाडी सरळ करून, इंजिनाच्या संथ चालीवर ती पलीकडे जाऊं द्यावी. मागचें चाक थोडें सरकेल. तें सरकूं द्यावें. गुडघे सैल असले आणि दोन्ही पायांवर सारखा भार असला, तर तें बहुधा आपोआप पुन्हां मागें येतें. पाय काढला कीं एका पायदानावरील भार नाहींसा होतो, बसलेलें शरीर तिकडे झुकतें, आणि जी गाडी सांवरली असती ती पडते. गाडी अगदीं थांबत आली असेल व पाय सरळ खालीं, शरीराजवळ, पक्क्या जागीं पडत असेल, तर तो खुशाल टेकावा. त्यांत कमीपणा नाहीं. चालत्या गाडीवरून पुढें लांब केलेला पाय मात्र मोडण्याचाच पाय. गाडी हातांतून गेलीच तर तिला सोडून बाजूस व्हावें. सांडलेलें दूध आणि वांकलेलें हँडल ह्यांना सळई घालावी लागत नाहीं.

चिखलाचे प्रकार दोन. मुरमाचा चिखल वरून ओला व खालीं टणक असतो. त्यांतून एकसारख्या वेगानें सरळ जातां येतें. खाजणाकडील खारजमिनीच्या बांधावरची चिकण मात्र चाकांत व चिखलपट्टींत गच्च भरते, आणि अखेर चाक फिरेनासें होतें. तेथें रेस देऊन कांहीं साधत नाहीं. उतरून काडीनें चिखल काढावा, आणि परत जाण्याची वाट शोधावी.

पाण्याविषयीं मी माझीच फजिती सांगतों. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो प्रलय वाचकांच्या स्मरणांत असेल. त्यानंतरच्या आठवड्यांत पंचनाम्यासाठीं फिरतांना मीं एका ओढ्यांत गाडी घातली. पाणी गढूळ होतें, तळ दिसत नव्हता, आणि मला घाई होती. मध्यावर खड्डा लागला, गाडी बंद पडली. आणि बाहेर ओढून काढल्यावर मी किकवर किक मारीत सुटलों. त्याचा परिणाम असा झाला, कीं शिरलेलें पाणी इंजिनभर झालें व तें सर्व उघडावें लागलें. धुराड्याची नळी पाण्याखालीं गेल्यानें चालतें इंजिन लगेच बंद पडत नाहीं. हवा ओढण्याची वाट जेथें आहे, तेथपर्यंत पाणी आलें कीं मात्र संपलें. पाण्यांत गाडी बंद पडली तर चालू करण्याचा यत्न न करतां ती बाहेर न्यावी. हवेच्या गाळणीची पेटी उघडून पाणी काढावें. प्लग काढावा, आणि प्लगच्या भोंकांतून पाणी उडणें थांबेपर्यंत किक हळूहळू फिरवावी. मग इंजिनचें तेल पाहावें. तें दुधी दिसलें तर त्यांत पाणी आहे, तें बदलल्यावांचून गाडी चालवूं नये. वाहतें पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा पायीं उभें राहिलें असतां पाय ओढीत असेल, तर गाडी ह्या तीरावर राहूं द्यावी. गाढीचें पाणी डोंगरावरील पावसानें किती चटकन चढतें, हें ह्या भागांतील लोकांस सांगावयास नको. पाण्यांतून बाहेर आल्यावर पन्नास-शंभर पावलें ब्रेक हलकेच दाबीत जावें, म्हणजे ते सुकून धरूं लागतात.

दुरुस्तीचें म्हणाल, तर अर्धी दुरुस्ती धुण्यांत आहे. चिखल वाळण्यापूर्वीं गाडी धुवावी. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या आंसावर मारूं नये. बेअरिंगमधील वंगण त्यानें निघून जातें. साखळीकडे शेतकऱ्याचें दुर्लक्ष होतें, कारण ती झांकणाआड असते. झांकणाला एक रबरी बूच असतें. तें काढून बोटानें साखळी वर-खालीं हलवावी. सुमारें एक इंच हालली पाहिजे. फार सैल झाली तर खड्ड्यांत उतरते. फार ताणलेली असली तर ओझें चढतांच तुटते. ताणतांना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवाव्या, नाहीं तर चाक तिरकें बसतें. साखळीचा जोड ज्या चिमट्यानें बसतो, त्याची बंद बाजू साखळी ज्या दिशेनें धांवते तिकडे असावी. उलटी बसविली तर तो केव्हां उडेल ह्याचा नेम नाहीं. हें मीं एकदां विसरलों, आणि चार मैल गाडी ढकलली.

क्लचची केबल तुटणें हा हमखास प्रसंग. शहाणे लोक नवी केबल जुनीच्या शेजारींच ओवून, टोंकें बांधून ठेवतात. जुनी तुटली कीं फक्त टोंकें बदलावयाचीं. केबल हँडलापाशीं तुटण्यापूर्वीं तिचे एक-दोन तंतु सुटलेले दिसतात. तेथें दर महिन्यास पाहावें व तेलाचे चार थेंब सोडावे. क्लच व ब्रेकच्या दांड्या ज्या पकडीनें हँडलास बसलेल्या असतात, तिचे स्क्रू अगदीं करकचून आंवळूं नयेत. हाताच्या जोरानें फिरेल इतपत घट्ट ठेवावी. गाडी पडली तर दांडी फिरते, मोडत नाहीं. ट्रायलचे स्वार असेंच करतात, आणि माझ्या मतें हा एकच उपाय ह्या लेखाच्या अंकाची किंमत भरून काढील.

इंजिन चालू होत नसेल तर टांकींत पेट्रोल आहे कीं नाहीं हें पहिल्यानें पाहावें. हंसूं नये, मिस्त्री लोक सांगतात कीं निम्मे रोगी ह्याचेच. नंतर प्लग. त्याचें टोंक विटकरी-तपकिरी असलें तर प्रकृति ठीक. काजळीनें काळें असलें तर हवेची गाळणी बंद झालेली असते. ओलें असलें तर पेट्रोल जास्त झालें, तें पुसून व सुकवून पुन्हां बसवावें. १ एप्रिल २०२० पासून नव्या नियमांच्या गाड्या आल्या. त्यांतील बहुतेकांस कार्बुरेटर नसून पेट्रोल विजेच्या यंत्रानें मोजून सोडलें जातें. त्यांत घरच्या घरीं पिन घालणें, वायर तोडून जोडणें असले प्रयोग करूं नयेत. फ्यूज आणि बॅटरीचीं टोंकें पाहावीं; तेवढ्यानें न भागल्यास गाडी मिस्त्र्याकडे न्यावी.

पंक्चर काढणें प्रत्येकास आलें पाहिजे. टायर रिमवरून काढतांना ज्या बाजूस दांड्या घालावयाच्या, तिच्या बरोबर समोरची कड गुडघ्यानें दाबून रिमच्या मधल्या खोलगटांत बसवावी. मग जोर लागत नाहीं व ट्यूब फाटत नाहीं. ठिगळ लावल्यावर घाई करून ट्यूब आंत घालूं नये. टायरच्या आंतून बोट फिरवून कांटा शोधावा. बाभळीचा कांटा आंत तसाच राहिला तर दुसरें पंक्चर शंभर पावलांवर ठेवलेलें असतें. ट्रायलच्या गाडीच्या मागच्या टायरांत चार-पांच पौंडच हवा ठेवतात, म्हणजे तो दगडास चिकटून चालतो. आमच्या ट्यूबच्या गाडींत असें करूं नये. टायर रिमवर फिरून ट्यूबचा वॉल उपटतो. पुस्तिकेंत सांगितलेली हवा बहुधा पंचवीस-अठ्ठावीस पौंड असते. अवघड वाटेपुरती ती चार-पांच पौंड कमी केली तरी पुरे, आणि सडकेवर आल्यावर पुन्हां भरावी. ठिगळ, पंप कांहींच जवळ नसेल तर टायरांत पेंढा ठासून भरावा व माणसाच्या चालीनें घर गांठावें. भातशेतीच्या मुलखांत पेंढ्यास तोटा नाहीं.

ओझें नेहमीं खालीं आणि जितकें पुढें तितकें बरें. दोन्ही बाजूंचे कॅन सारखे भरावे. अर्धवट भरलेल्या कॅनांत दूध हिंदकळतें आणि वळणावर गाडीला तेंच ढकलतें. भरल्या गाडीनें नवी कला शिकूं नये. पायांत चपला घालून अवघड वाटेवर जाऊं नये, अंगावर लोंबणारें उपरणें ठेवूं नये, आणि हेल्मेट कायद्यासाठीं नव्हे तर आपल्या घरच्यांसाठीं घालावें.

शिकण्यास उत्तम जागा म्हणजे झोडणी झाल्यानंतरचें खळें. आम्ही गेल्या माघांत एक खेळ सुरू केला. दोन दगडांभोंवतीं आठाचा आंकडा, जमिनीवर ठेवलेला एक वासा, लहानसा चढ, त्यावर मुद्दाम थांबून गाडी मागें सोडणें, आणि शेवटीं पाणी ओतून केलेला हातभर रुंदीचा चिखलाचा पट्टा, असे पांच टप्पे. मोकळी गाडी, ओझें नाहीं. पंच म्हणून मी खाटेवर बसतों, आणि जुन्या संवयीप्रमाणें प्रत्येकाचे पाय नोंदवहींत मांडतों : नांव, टप्पा, दंड, शेरा. पहिल्या रविवारीं सात पोरांत एकहि असा नव्हता कीं ज्याचा दंड पंधराच्या खालीं होता. त्यांतील दोघे रोज सडकेवर भरधांव जाणारे. त्यांना वाश्यावरून गाडी नेतां येईना, तेव्हां बायकांनाहि हंसूं आवरलें नाहीं. वाडीवरील एका मुलीनें, जी आपल्या आईस दवाखान्यांत नेते, चौथ्या रविवारीं सर्व टप्प्यांत मिळून दोनच पाय टेकले. ती सर्वांत हळू होती.

पुतण्याची सळई अजून पायांत आहे. थंडींत ती दुखते. पहिले तीन रविवार तो माझ्याजवळ खाटेवरच बसला. चौथ्या रविवारीं कांहीं न बोलतां उठला व गाडी घेतली. आठाच्या आंकड्यांत एक पाय, वाश्यावर शून्य, चढावर शून्य, मागें सोडतांना एक. चिखलाच्या पट्ट्यावर मागचें चाक चांगलें वीतभर सरकलें. मीं लेखणी उचललेली होती. पाय पायदानावरच राहिला. मीं त्या रकान्यांत शून्य घातलें, व शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.